आलोचची खुर्ची

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहायचा नाही. 'आलोच' म्हटलं की मात्र भांडी घासणाऱ्यापासून थेट मालकापर्यंत सगळे हसायचे आणि म्हणायचे, "हां हां, आपला आलोच!" हॉलच्या कोणत्याही कोपऱ्यात कोणी नुसती मान वर केली, की हा दुसऱ्या टोकाहून म्हणायचा, "आलोच!" आणि खरोखर यायचा. दंडावर रुमाल, हातावर तीन बश्या, आणि चालणं असं, की पळतोय म्हणावं तर पळत नाही आणि चालतोय म्हणावं तर गाठता येत नाही. त्याच्या आईने म्हणे लहानपणीच सांगून ठेवलं होतं, की ह्या पोराच्या पायाला भिंगरी आहे, ह्याला एक तर टपालखात्यात घाला नाही तर हॉटेलात. टपालखात्याने घेतलं नाही.

हॉटेल चांगलं मोठं होतं. फिरता दरवाजा, पितळी कठडा, आणि जेवणाच्या हॉलला उंच उंच खिडक्या. त्या हॉलमध्ये आलोचची नजर घारीसारखी फिरायची. कोणाला चहात साखर चालत नाही, कोणतं जोडपं रस्त्यात भांडून आलंय आणि त्यांना खिडकीपाशी बसवलं तर निवळेल, हे त्याला कोणी सांगायला लागायचं नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ पाव एकाच बाजूने चावताना दिसले. ह्याने मुकाट्याने त्यांच्यापुढे कडा काढलेला मऊ पाव आणून ठेवला. म्हातारबुवा दर महिन्याला येत राहिले ते केवळ त्या पावासाठी, असं वस्ताद म्हणायचा. वस्ताद म्हणजे तिथला मुख्य आचारी. तो स्वतःच्या स्वयंपाकाची सोडून इतर कशाची स्तुती करत नसे, तेव्हा ही गोष्ट खरीच असणार.

पण एक खोड होती. ह्या माणसाने उभ्या आयुष्यात त्या हॉलमधल्या एकाही खुर्चीला बूड टेकलं नव्हतं. वेटर लोक जेवतात ते मागच्या खोलीत, काट्या-चमच्यांच्या कपाटावर ताटली ठेवून, उभ्याने. एक कान दाराकडे. घास तोंडात असताना हाक आली, तर घास गालात सारून "आलोच" म्हणायचं आणि निघायचं. सगळेच वेटर असं जेवतात. पण बाकीचे घरी गेले की पाय पसरून बसतात. आमचे हे महाराज घरीही उभेच!

घरी टेबल होतं, त्याला चार खुर्च्या होत्या, आणि एका खुर्चीवर त्याची बायको होती. ती शिवणकाम करायची. आख्ख्या गल्लीच्या विजारी आखूड करणं आणि पडदे लांब करणं तिच्याकडे. जेवण मांडून ती हाक मारायची, "अहो, या बसायला." ओट्यापाशी ताटली हातात घेऊन उभा असलेला हा म्हणायचा, "आलोच!" मग ह्याला आठवायचं की मीठ घ्यायचं राहिलं, मग नळ ठिबकतोय, मग खिडकी लावायचीय. तो बाहेर येईपर्यंत ती आपली ताटली उचलत असायची. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती थांबायची. अन्न गार व्हायचं. मग तिने थांबणं सोडून दिलं. बाई शहाणी होती. रुसायला सवड लागते, आणि तिच्यापुढे तर विजारींचा ढीग पडलेला. लेक मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. तीही फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायची, "आई, बाबा बसले का गं?" आणि मायलेकी खो-खो हसायच्या.

तर असं सगळं सुरळीत चालू असताना हॉलचे कॅप्टन निवृत्त व्हायला निघाले. कॅप्टन म्हणजे हॉलचा कारभारी. काळा कोट घालतो, हातात एक बशीसुद्धा धरत नाही, नुसता उभा राहून सगळीकडे बघतो. आता ही जागा आलोचचीच, ह्याबद्दल कोणाला शंका नव्हती. आणि त्याला ती हवीही होती, अगदी मनापासून. त्याचे गुडघे बोलायला लागले होते. भरलेला ट्रे घेऊन पायरी चढताना तो हल्ली ओठ आवळायचा. कॅप्टन झाला नाही, तर अजून वर्ष-दोन वर्षांत त्याला कोठीत बसवून हातरुमाल मोजायला लावतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हॉलबाहेर काढलेला आलोच म्हणजे पाण्याबाहेर काढलेला मासाच.

पण घोडं अडलं प्रमाणपत्रापाशी. झालं होतं असं, की जगभरच हॉटेलवाल्यांना माणसं मिळेनाशी झाली होती. शिकवून तयार केलेली पोरं जहाजांवर नाही तर दूरदेशी निघून जायची. हॉटेलवाल्यांच्या संघटनेने बैठका घेतल्या, पुष्कळ चहा प्यायला, आणि शेवटी त्यांच्या ध्यानात आलं, की काखेत कळसा अन् गावाला वळसा! वर्षानुवर्षं राबणारी, पण हातात कागद नसलेली माणसं आपल्याच हॉटेलांत भरलीत की! बाहेरची माणसं मिळेनात तेव्हा घरातली दिसायला लागली म्हणायची. त्यांच्यासाठी संघटनेने अभ्यासक्रम काढला, आणि त्यासोबत नियमही काढला, की यापुढे प्रमाणपत्र नाही तर कॅप्टन नाही.

"मला बाहेरून माणूस आणायची हौस नाही," मॅनेजर त्याला म्हणाले, "पण नियम तो नियम. तू तेवढा पास हो बाबा."

वर्ग हॉटेलातच, छोट्या हॉलमध्ये भरायचा, दुपारची जेवणं आटोपल्यावर. शिकवायला संघटनेच्या मॅडम. वयाने ह्याच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या, पण चार देशांतल्या हॉटेलांत आणि दोन जहाजांवर काम करून आलेल्या. शाळेशी आलोचचं कधी पटलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी तो दारापाशीच घुटमळला. पण बाई जातिवंत निघाल्या. "गिऱ्हाईक काही बोललं नाही, म्हणजे खूश आहे, असं समजता ना काका?" त्यांनी विचारलं. आलोचने अभिमानाने मान हलवली. "चूक," मॅडम म्हणाल्या. "बोललं नाही, ह्याचा अर्थ पुष्कळदा असा, की ते आता परत येणार नाही." कोणाला कशाचा त्रास होतो, काय खाल्लं की अंगावर उठतं, हे आधी विचारून घ्यायचं असतं, हेही त्याला तिथेच कळलं. इतकी वर्षं तो ते नशिबावर सोडत आला होता. रोज घरी येऊन तो मॅडमचे गोडवे गायचा, ओट्यापाशी उभा राहून. बायको टेबलापाशी बसून ऐकायची.

आणि मग तो तास आला. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'पाहुणा'. निम्म्यांनी वेटर व्हायचं, निम्म्यांनी पाहुणा होऊन जेवायचं.

"काका, बसा," मॅडम म्हणाल्या.

आलोच बसला. म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकला, चिमणी तारेवर टेकते तसा. त्याच्या वाट्याला वेटर म्हणून आला जाड्या. हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला, पोट सुटलेला, मनाने मऊ. जाड्या सूप घेऊन आला, आणि आलोचने ताडकन उठून त्याच्या हातातून ट्रे घेतला.

"काका!"

"चुकलं, चुकलं." परत बसला. सूप संपायच्या आत शेजारच्या दोन टेबलांवरच्या रिकाम्या वाट्या त्याच्या हातावर चढल्या होत्या. त्या कशा चढल्या हे त्यालाही सांगता येईना. तिसऱ्यांदा बसवला, तर हाताने टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिला. तेवढ्यात हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी चमचा पडला. "आलोच!" म्हणत स्वारी चमच्यापाशी पोचलीसुद्धा. सगळा वर्ग पोट धरून हसत होता. मॅडमही हसल्या, पण नंतर त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, वाढण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण कॅप्टनला वाढायचं नसतं. बसलेल्या माणसाला काय वाटतं, हे त्याला कळावं लागतं. तुम्ही कधी बसलाच नाहीत, तर कळणार कसं?"

आलोच दंडावरच्या रुमालाने समोरचं टेबल पुसायला लागला.

परीक्षेचा हाच भाग सर्वांत मोठा होता. संघटनेचे परीक्षक येणार. प्रत्येकाने घरचं एक माणूस सोबत आणायचं, पाहुणा होऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जेवायचं, आणि उठायचं नाही. उठला तो नापास. नंतर परीक्षकांना सांगायचं, की खुर्चीवरून काय दिसलं.

घरी येऊन त्याने पडेल चेहऱ्याने ही हकीकत सांगितली, आणि बायको इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांना पदर नव्हता म्हणून शिवायला आलेला पडदा लावला. "अगं, हसतेस काय! माझी नोकरी पणाला लागलीय!"

"बसा मग," ती डोळे पुसत म्हणाली. "आत्ताच बसा. करू तालीम."

तालीम म्हणजे नुसती फजिती. पहिल्या दिवशी तो मिठासाठी उठला, मीठ टेबलावरच होतं. दुसऱ्या दिवशी उठलो ते कशासाठी हेच विसरला. जित्याची खोड, जाईल कशी? तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "जरा वळा बघू, विजारीला मागे काहीतरी लागलंय." आणि तो बोलण्यात गुंतलेला असताना तिने कच्च्या टाक्याने त्याची विजार खुर्चीच्या उशीला सरळ टाचून टाकली. दाराची घंटी वाजली. "आलोच!" म्हणून स्वारी उठली ती उशीसकट. दारात शेजारीण. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग मागे लोंबणाऱ्या उशीकडे, आणि दूध मागायला आले होते हे विसरून ती घरी गेली.

"अहो, का असं करता?" त्या दिवशी बायकोने विचारलं. हसणं ओसरलं होतं. "कोण धरून ठेवतंय तुम्हाला तिकडे? काय बिघडतं जरा बसलात तर?"

तो विचारात पडला. "बसलो की वाटतं, कोणीतरी माझी वाट बघतंय."

तिने दाताने दोरा तोडला, उशी सोडवून जागेवर ठेवली आणि मशीनवर जाऊन बसली.

परीक्षेच्या दिवशी तिने स्वतः शिवलेला निळा कोट घातला. नवरा जन्मभर जिथे राबला त्या हॉलमध्ये ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. उंच खिडक्या, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ बघून ती हळूच म्हणाली, "शिवण सरळ आहे हो," आणि आलोचला आपणच शिवल्यासारखं वाटलं. वस्ताद आतल्या दाराच्या फटीतून बघत होता. मॅनेजर उगाच घड्याळाला चावी देत होते. परीक्षक म्हणजे एक उंच, गंभीर गृहस्थ. ते भिंतीपाशी उभे राहिले आणि मॅडम त्यांच्या शेजारी.

वाढायला जाड्याच होता. सूप आलं. आलोचने दोन्ही हातांनी खुर्चीची बैठक घट्ट पकडली होती, त्यामुळे सूप कसं प्यावं हा प्रश्न पडला. बायकोने डोळ्यांनीच दटावलं. त्याने एक हात सोडला. सूप पार पडलं. मासा आला, पाव आला. कपाळावर घाम आला, पण तो बसून राहिला.

आणि आतल्या दारापाशी कोणाच्या तरी हातून आख्खा ट्रे पडला. धाडकन! काचांचा सडा! आलोचचं अर्धं अंग वर उठलं. गुडघे सरळ व्हायला लागले. परीक्षकांनी मान वळवली. आणि टेबलाखाली बायकोने त्याच्या बुटावर आपला पाय ठेवला आणि दाबला, शिवणयंत्राचं पायडल दाबावं तसा. तो खाली आला.

आता पलीकडे बघायचं नाही म्हणून तो समोर बघायला लागला. समोर ती होती. जेवत होती. आणि इतक्या वर्षांनी, जेवणाऱ्या बायकोकडे तो पहिल्यांदा नीट बघत होता. ती पावाची कड काढून बाजूला ठेवत होती. मऊ भाग तोडून उजव्या गालात धरत होती आणि हळूहळू चावत होती. फक्त उजव्या बाजूने.

"दाढ दुखतेय तुझी?"

"हं. जुनंच आहे ते."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. खा तुम्ही."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की." तिच्या आवाजात राग नव्हता. रोजचीच गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली, "घरी टेबलावरूनच हाक मारली होती तुम्हाला, जेवताना. तुम्ही म्हणालात, आलोच."

त्याने हातातला घास ताटलीत ठेवला. अनोळखी म्हातारबुवांची दाढ त्याला चार टेबलांवरून दिसली होती. दिव्याखालचा अंधार म्हणतात तो हाच! त्याने हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा बसल्या जागेवरून हात वर केला आणि जाड्याला म्हणाला, "अरे, कडा काढलेला मऊ पाव आण ह्यांच्यासाठी."

"आलोच!" जाड्या म्हणाला. हा शब्द त्याच्याकडूनच सगळ्या हॉलला लागला होता. आणि जाड्या दुसऱ्याच टेबलाकडे गेला.

आलोच वाट बघत बसला. जाड्या पाणी ओतत होता. मग कोणाशी तरी बोलत होता. मग काचांच्या सड्यापाशी थबकला. बायकोपुढची ताटली तशीच. त्याची नजर सारखी आतल्या दाराकडे जात होती, आणि दार काही उघडत नव्हतं. इतकी वर्षं हा शब्द तो म्हणत आला होता; ऐकायची वेळ आज आली. पाव कुठल्या टोपलीत आहे, सुरी कुठे आहे, सगळं त्याला माहीत होतं. डोळे मिटून जाऊन आणला असता.

"मीच आणतो," तो म्हणाला आणि त्याने खुर्ची मागे सरकवली. परीक्षक एक पाऊल पुढे आले. मॅडमनी ओठ चावला. त्याला ते दिसतही नव्हतं. जाऊ दे तो काळा कोट, जाऊ दे कॅप्टनकी, हातरुमाल मोजू!

बायकोने त्याचा हात धरला. "मला पाव नकोय," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

"अगं, पण..."

"बसा हो. एवढंच करा माझ्यासाठी."

तो बसला. ह्या वेळी कडेला नाही, पाठ टेकून बसला. जाड्या पाव घेऊन आला तेव्हा कॅप्टनच्या जागेचा उमेदवार डोळे पुसत होता, आणि जाड्याला वाटलं की मासा बिघडला.

जेवण संपल्यावर परीक्षकांनी विचारलं, "हं. खुर्चीवरून काय दिसलं?"

"साहेब, ह्या टेबलाशी बसलं की पाठीला वारा लागतो. मीठ लांब पडतं. आणि 'आलोच' म्हणायचं बंद करायला पाहिजे. 'आलोच' म्हटलं की म्हणणारा सुटतो, बसलेला अडकून पडतो. किती वेळ लागेल ते सांगावं, नाही तर सरळ यावं."

"आणखी काही?"

त्याने बायकोकडे बघितलं. "माझ्या बायकोची दाढ दुखतेय. गेल्या हिवाळ्यापासून."

"हे हॉटेलच्या कामात कुठे बसतं?" परीक्षकांनी विचारलं.

"माहीत नाही साहेब. पण बसलो म्हणून दिसलं."

परीक्षकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना म्हणे वारा लागत होता.

तो पास झाला. काळा कोट आला तो दोन मापं मोठा. बायकोने उसवून अंगासरसा केला. दाढ काढली. म्हणजे बायकोची. दंतवैद्याकडे आलोच तिच्याबरोबर गेला, बाहेर बाकावर बसला, आणि विशेष म्हणजे बसून राहिला. हॉलमध्ये आता तो उभा असतो, बघत असतो, आणि कोणी 'आलोच' म्हटलं की जवळ जाऊन हळूच विचारतो, "कधी?" त्याचं नाव मात्र बदललं नाही. वस्ताद म्हणतो, नाव बदलायला संघटनेची बैठक लागेल.

परवा सुट्टीच्या दुपारी त्याने टेबल मांडलं. दोन ताटल्या, दोन पेले, मीठ हाताशी. स्वतः बसला आणि हाक मारली, "अगं, ये ना बसायला."

आत मशीन धडधडत होतं. कोणाची तरी विजार आज संध्याकाळीच द्यायची होती. "आलेच हं!" ती आतून म्हणाली.

सूप गार व्हायला लागलं. त्याने चमच्याला हात लावला नाही. मशीन थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला.